मुदत वाढवलेली हत्यारं

माझी नोकरीच संशय घेण्याची होती. विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दुसऱ्याने केलेलं काम चुकलेलं असणार असं धरून चालायचं, आणि ते चुकलेलं नाही याची स्वतः खात्री केली की मगच पुढे सोडायचं. आठ वर्षं मी हे काम कंपनीच्या मुख्य कारखान्यात केलं. तो जव्हारपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. मग कंपनीने जव्हारला एक छोटं युनिट काढायचं ठरवलं आणि मी तिथून जवळच्याच जामसरची, म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हणाले. आईचे गुडघे गेले होते, वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि भाताच्या आवणीला दरवर्षी माणसं शोधत फिरावं लागत होतं.

वडिलांना मात्र हे पहिल्या दिवसापासून खटकलं. विमानाचं काम इतक्या आडबाजूला कशाला आणतील, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं की इथल्या बायकांचे हात बारीक कामाला चांगले आहेत, शिकवलं की पटकन शिकतात. शाळेत असताना एखाद्या फॉर्मवर खाडाखोड दिसली की त्यांचा चेहरा व्हायचा, तसा झाला होता.

युनिट गावाबाहेर एका जुन्या गोदामात होतं, एसटी डेपोपासून चालत पंधरा मिनिटांवर. दोन लांब टेबलं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून बावीस बायका. विमानाच्या भिंतींच्या आत, पायांखालच्या पत्र्याखाली, सगळीकडे तारांचे जुडगे फिरवलेले असतात. दिवे, हवा, दार नीट लागलं की नाही हे सांगणारा इशारा, सगळं त्या तारांवर चालतं. ते जुडगे आम्ही बांधायचो. प्रत्येक तारेच्या टोकाला धातूचं एक छोटं टर्मिनल बसवायचं आणि क्रिम्पर नावाच्या पकडीसारख्या हत्याराने ते दाबायचं. दाब बरोबर बसला की तार आणि टर्मिनल एकजीव होतात. दाब कमी पडला तरी वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पण पुढे कधीतरी हादरे बसून बसून तार आतल्या आत निसटते.

म्हणून माणसापेक्षा हत्यारावर जास्त लक्ष ठेवायचं, असं मला मुख्य कारखान्यातल्या एका जुन्या इन्स्पेक्टरनी शिकवलं होतं. क्रिम्पर वापरून वापरून झिजतो आणि झिजलेला क्रिम्पर हातात चांगल्यासारखाच लागतो. दर तीन महिन्यांनी सगळे क्रिम्पर पेटीत भरून मुख्य कारखान्याच्या लॅबला जायचे आणि तपासून, पुढच्या तारखेचं स्टिकर लावून परत यायचे. शिवाय रोज सकाळी प्रत्येक बाई आपल्या क्रिम्परने एक नमुना करून द्यायची. मी तो यंत्रात अडकवून खेचायचे. तार तुटली तर हत्यार चांगलं. तार न तुटता टर्मिनलमधून सटकन बाहेर आली, तर ते हत्यार त्या दिवशी टेबलावर जायचं नाही. एवढं सगळं झाल्यावर, तयार जुडगा डोळ्यांखालून घालून, त्याच्या टॅगवर माझ्या नंबरचा शिक्का मारायचा. हा शिक्का रोज माझ्या पर्समध्ये घरी यायचा. आई एकदा म्हणाली, बँकेच्या लॉकरची किल्लीसुद्धा कुणी एवढी जपत नसेल.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग वर, मुख्य कारखान्यात, मोठे साहेब बदलले आणि आमच्याकडे नवे मॅनेजर आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे. डहाणूकडून येताना बायकांसाठी चिकू आणायचे. कुणाची मुलगी आश्रमशाळेत कितवीला आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. मला त्यांच्याविषयी संशय यायला पाहिजे होता, पण गोड बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायला मी शिकलेच नव्हते. माझा सगळा संशय धातूवर आणि हातांवर होता.

त्यांनी आधी माझ्याबरोबर असलेल्या दुसऱ्या इन्स्पेक्टरला परत मुख्य कारखान्यात पाठवलं आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. मग रोज सकाळचे नमुने बंद झाले, ते फक्त सोमवारी करायचे ठरले, कारण सकाळचा पाऊण तास फुकट जातो म्हणे. त्यानंतर भिंतीवर एक तक्ता लागला. प्रत्येकीने आपलं काम आपणच तपासायचं, कागदावर बरोबरची खूण करायची, आणि मी त्या खुणा बघून शिक्का मारायचा. हे मात्र मला पटलं नाही. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की बघितल्याशिवाय मी शिक्का मारत नाही.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकेक तुकडा बघत बसलात तर या बायकांना काय वाटेल? आपल्यावर विश्वास नाही असंच ना?"

मी इथलीच, जामसरच्या मास्तरांची मुलगी, आणि बाहेरून आलेला माणूस मला सांगत होता की तुमच्या लोकांवर विश्वास ठेवा. मी बाहेर आले आणि खुणा बघून शिक्के मारायला लागले. रोज थोडे तरी जुडगे उघडून बघायचे, पण हळूहळू तेही कमी होत गेलं. वरून मागणी वाढत होती, त्यात सोमवारचे नमुनेही बंद पडले. गाडी दुपारी दोनला निघायची आणि दोनच्या आत टॅग तयार हवे असायचे.

मग क्रिम्परांची पेटी निघायची वेळ आली. मी ती भरली, यादी लावली, दाराशी ठेवली. आठवडाभर पेटी तिथेच. विचारलं तर गाडीत जागा नव्हती. पुढच्या सोमवारी मॅनेजरांनी मला एक पाकीट दिलं. आत नव्या तारखांची स्टिकरं होती. लॅबने आपली आकडेवारी बघून हत्यारांना तीन महिन्यांची मुदत वाढवून दिली आहे, एवढंच ते म्हणाले. मी पत्र मागितलं. पत्र मेलवर येईल म्हणाले. मेल आला नाही. दोन दिवस पाकीट माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी जुनी स्टिकरं नखाने काढली आणि नवी लावली. माझ्या हाताने, एकेक, सरळ रेषेत. हे मी कुणाच्या दबावाने केलं असं मला आजही म्हणता येत नाही. कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं.

तेव्हापासून माझा संशय वाढला, पण तो भलत्याच दिशेला गेला. तुकडे बघायला वेळ मिळेना, म्हणून मी बायकांकडेच बघायला लागले. कोण गप्पा मारते, कोण पेंगते, कोणाच्या खुणा फार पटापट होतात. आणि सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते एकीवर.

ती सूर्यमाळची होती. तिशीची, दोन मुलांची आई, घरची शेती नाही. नवरा ठाण्याकडे बांधकामावर. मुलं सासूजवळ ठेवून ती जव्हारला दोघींबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी जायची. उन्हाळ्यात तिचा रविवार पाणी भरण्यात जायचा, आणि सोमवारी ती टेबलावर बसायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. हात मात्र सगळ्यात चांगला. पण आताशा ती एक गोष्ट करायची. टर्मिनल दाबलं की ते दोन बोटांत धरून ओढून बघायची. प्रत्येक. त्यामुळे तिचे तुकडे कमी व्हायचे. कधीकधी ती इकडेतिकडे बघून तारेचं टोक कापायची आणि ते तुकडे डब्याच्या पिशवीत टाकायची. हे मी दोनदा पाहिलं आणि मनात नोंद करून ठेवली.

जूनच्या सुरुवातीला मुख्य कारखान्यातून एक जुडगा परत आला. विमानात बसवताना फिटरच्या हातात एक टर्मिनल सुटून आलं होतं. जुडग्याच्या टॅगवर माझा शिक्का होता. मी तो उलटसुलट करून पाहिला. हा जुडगा मी बघितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि बघितला नसल्याचंही खात्रीने सांगता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

मॅनेजरांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, काळजी करू नका, तुमच्यावर काही येणार नाही, फक्त हे कुणाच्या हातून झालं ते शोधून द्या. टॅगवर टेबलावरच्या जागेचा नंबर होता. तो सूर्यमाळच्या त्या बाईचा होता.

त्या संध्याकाळी सुटायच्या वेळी मी दाराशी उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत तिला पिशवी उघडायला सांगितली. बाकीच्या बायका थांबल्या. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उघडली. डबा, एक ओढणी, आणि प्लास्टिकच्या पुडीत बांधलेली तारांची टोकं. वीस-पंचवीस तरी असतील. प्रत्येकाला टर्मिनल लावलेलं.

मी विचारलं, हे चोरून कुठे नेतेस?

तिने पुडीतलं एक टोक काढलं, टर्मिनल एका हातात, तार दुसऱ्या हातात धरली आणि ओढली. तार अलगद बाहेर आली. दुसरं काढलं. तेही तसंच. मग म्हणाली, "हा हत्यार बरोबर दाबत नाय. दोन महिने झाले. सैल निघालं की मी कापून टाकते आणि परत करते. पण सगळा नाय सापडत."

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"साहेबाला सांगितला. तो बोलला मॅडमना ठाऊक आहे, तू तुझं काम कर." मग म्हणाली, "मना पण तसाच वाटला. नवी तारीख तुम्हीच चिकटवली ना."

बायका एकेक करून निघून गेल्या. तिने पुडी परत बांधली, माझ्या हातात दिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर वसईला मीटिंगला गेले होते. मी काम थांबवलं, सगळ्या क्रिम्परांचे नमुने करून घेतले आणि खेचायच्या यंत्रावर लावले. बावीसपैकी नऊ हत्यारांच्या तारा न तुटता बाहेर आल्या. सूर्यमाळच्या बाईचं हत्यार त्यांतलं सगळ्यात वाईटही नव्हतं. ज्यांच्या कागदावर सगळ्या खुणा बरोबरच्या होत्या, कधी एक तुकडा कमी पडला नव्हता, त्यांची हत्यारं तिच्यापेक्षा वाईट होती. त्यांनी ओढून बघितलं नव्हतं, एवढाच फरक. आणि त्यांना ओढून बघायला कुणी सांगितलंही नव्हतं.

मी नमुने पाकिटात भरून, त्यावर हत्यारांचे नंबर घालून, मुख्य कारखान्याच्या क्वालिटीच्या साहेबांना पत्र लिहिलं. सूर्यमाळच्या बाईने मॅनेजरांना आधीच सांगितलं होतं हे लिहिलं, आणि स्टिकरं मी लावली हेही. पत्र मॅनेजरांच्या हाती न देता पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. त्या दिवसापासून मॅनेजर माझ्याशी आणखी गोड बोलायला लागले आणि मला त्यांच्या प्रत्येक शब्दाची भीती वाटायला लागली. आईची तब्येत विचारली तरी वाटायचं, हे का विचारतायत.

दहा दिवसांनी मुख्य कारखान्यातून दोन माणसं गाडीने आली. दोन तास बसली. माझ्याशी पाच मिनिटं बोलली. क्रिम्पर घेऊन गेली आणि नवे पाठवले. मी त्यांना विचारलं की गेल्या दोन-अडीच महिन्यांत जे जुडगे गेले, ते विमानांतून काढणार का. त्यांच्यातला एकजण म्हणाला की जागेवर तपासणी होईल. मी विचारलं, जागेवर कशी, भिंतीच्या आत हात कसा जाणार? त्याने घड्याळ बघितलं.

महिनाअखेरीला सूर्यमाळच्या बाईचं कंत्राट संपलं आणि ते पुढे चालू झालं नाही. माल घरी नेला, असं कारण कागदावर होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं. मी सही केली नाही. पण माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. मला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवलं. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला, आणि त्यानंतर वर्षभरात युनिटही बंद झालं. मॅनेजर मुख्य कारखान्यात वरच्या जागेवर गेले असं ऐकलं. मी आता जव्हारलाच मुलींना वायरिंग शिकवते.

या वर्षी उन्हाळ्यात मला एक फोन आला. विमानांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयातून बोलतोय, असं माणूस म्हणाला. माझा आधी विश्वास बसला नाही. मी त्याचं नाव, कार्यालयाचा नंबर घेतला, वडिलांनी ओळखीच्या एका क्लार्ककडून खात्री करून घेतली, आणि मगच मी परत फोन केला. माझं जुनं पत्र त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांना काय काय घडलं ते सविस्तर लिहून हवं होतं, आणि हत्यार खराब आहे हे आधी सांगणाऱ्या बाईचं म्हणणंही. ती कुठे असते, असं त्याने विचारलं. मी सांगितलं नाही. तिला विचारून सांगते म्हणाले.

खोडाळ्यापर्यंत एसटीने आणि तिथून जीपने मी सूर्यमाळला गेले. पाड्यावर विचारत विचारत तिचं घर सापडलं, पण ती टँकरवर गेली होती. तिच्या सासूने मला ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी ते घोटभरच प्यायले, कारण हंड्यात किती आहे ते दिसत होतं. तासाभराने ती दोन हंडे घेऊन आली. मला बघून थबकली, हंडे आत ठेवून आली, पदराने तोंड पुसलं आणि समोर उभी राहिली. बसली नाही.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कंपनीला पाहिजे का तुम्हाला पाहिजे?"

मी म्हटलं, सरकारी माणसाला पाहिजे. तिने विचारलं, तो कंपनीचा नाही कशावरून. मी खात्री कशी केली ते सांगितलं. मग तिने विचारलं, याने तिचं नाव कुठे कुठे जाईल. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं आणि जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं. आता ती मोखाड्याला एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या मोटारींत तार गुंडाळायचं काम करते, एवढं तिने सांगितलं. मालकाला त्रास झाला तर हेही काम जाईल, असं म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मी याहून जास्त विचारलं असतं.

शेवटी ती बसली. "लिहा," म्हणाली. "पण वाचून दाखवा."

मी ओट्यावर बसून लिहिलं. हत्यार कधीपासून सैल दाबत होतं, तिने मॅनेजरांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले. मग वाचून दाखवलं. तिने एक महिना दुरुस्त करायला लावला, होळीच्या आधी नव्हे, नंतर. मी दुरुस्त केलं आणि पुन्हा वाचलं. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, अजून राहिलंय.

मी विचारलं, काय राहिलंय?

"दारात माझी पिशवी उघडायला लावली, सगळ्यांसमोर. ते लिहा. कोणी लावली ते पण लिहा."

मी लिहिलं. माझं नाव, माझं पद, आणि तिच्यावर चोरीचा संशय मी घेतला, हे सगळं एका वाक्यात बसेना, म्हणून दोन वाक्यं केली. तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. तिने पेन घेतलं आणि अक्षर जुळवत, सावकाश सही केली.

जायला निघाले तेव्हा तिची सासू म्हणाली, जीप चारला सुटते, आता नाही गेलात तर उद्याच. मी उतारावरून भरभर निघाले. कागद आठवड्याच्या आत पाठवला. त्याची पोच आली आहे. कुठल्या विमानातून किती जुडगे काढले, काढले की नाही, हे मी दोनदा विचारलं. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळालं. ते मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, लेखी मागा.